प्रवेश घेतलेल्यांपैकी किती मुलं चार वर्षांत पदवी घेतात? हा आकडा कॉलेजकडून कसा मिळवावा? (गोवा)

नमस्कार मंडळी. फोंड्याहून लिहितेय. भाचीची बारावी झाली, जीसीईटीही (गोव्याची प्रवेश परीक्षा) झाली, आता घरात इंजिनिअरिंगला कॉलेज कुठलं घ्यायचं हीच चर्चा. फी आणि प्लेसमेंटबद्दल सगळे भरभरून सांगतात. मला वेगळंच विचारायचंय: पहिल्या वर्षाला जितकी मुलं दाखल होतात, त्यांतली किती चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात, हे प्रवेशाआधी कसं कळेल?

माझ्या मुलाच्या वेळी आम्ही माहितीपत्रकातला निकालाचा टक्का बघून एका खाजगी कॉलेजात पैसे भरले. दुसऱ्या वर्षी एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला, मग इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया. त्याच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाचा फोटो आमच्या फ्रिजवर अजून आहे. एका रात्री आम्ही दोघं त्यावर बोट ठेवून मोजत बसलो, कोण सुटला, कोण मागे राहिला, कोण सोडून गेला. मागच्या रांगेतली डावीकडची चारही मुलं गळलेली. त्यातला एक आता साखळी गावात वडिलांच्या दुकानात बसतो. हुशार पोर होता हो. माहितीपत्रकातला टक्का खोटा नव्हता, पण तो शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांचा होता. तिथवर न पोचलेली मुलं त्यात धरलेलीच नव्हती.

आत्तापर्यंत एवढं शोधलंय. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) भाग घेणाऱ्या कॉलेजांच्या तक्त्यात पहिल्या वर्षी किती दाखल झाले आणि ठरलेल्या मुदतीत किती पदवीधर झाले, हे दोन्ही रकाने असतात. पण भाग घेणं ऐच्छिक आहे. शिवाय डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं असतात, ती पदवीधरांच्या आकड्यात मिसळली की गळती झाकली जाते. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) अहवालातला उत्तीर्णांचा टक्काही शेवटच्या वर्षाचाच.

अमेरिकेत १९९० सालीच यासाठी कायदा झाला. केंद्र सरकारची शिक्षणमदत घेणाऱ्या कॉलेजांना, दाखल झालेल्यांपैकी किती जणांनी नेमलेल्या मुदतीच्या दीडपट काळात, म्हणजे चार वर्षांची पदवी सहा वर्षांत, पूर्ण केली हे प्रवेश घेऊ पाहणाऱ्याला सांगावं लागतं. आपल्याकडे एका कॉलेजच्या काउंटरवर मी हेच विचारलं, तर बाई म्हणाल्या, ‘असं कोणी विचारत नाही.’ म्हणून तर विचारायचं!

जाणकारांनी कृपया सांगावं:

माहिती अधिकाराचा अर्ज खाजगी विनाअनुदानित कॉलेजला थेट चालत नसेल, तर तो गोवा विद्यापीठाकडे करावा की पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे? प्रवेशाची यादी एकाकडे आणि निकाल दुसऱ्याकडे, असं तर नाही ना? ‘अमुक वर्षी पहिल्या वर्षाला दाखल झालेल्यांपैकी चार वर्षांत पदवी मिळालेले किती, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले वगळून’ एवढं लिहिलं तर पुरे होईल का, की ‘अशी माहिती संकलित नाही’ म्हणून परत पाठवतील?

उत्तराला ३० दिवस लागतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या त्याआधीच संपतील. त्यामुळे कुणी आधी असा अर्ज केला असेल आणि उत्तर हाती असेल, तर त्यातला मजकूर इथे टाका. फर्मागुढीला (सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) किंवा दुसरीकडे शिकलेल्यांनी स्वतःच्या वर्गातले किती वेळेत सुटले ते सांगितलं, तरी भाचीला खूप मदत होईल.