लाल टिक आणि भोपाळची सही
(सोसायटी ग्रुप, सुदामा नगर, इंदूर)

भालेराव काका ए-१०२: [फॉरवर्डेड] उद्यापासून सर्व कॉल रेकॉर्ड होणार. दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली की सरकारने मेसेज वाचला समजा!!

सुषमा वहिनी बी-२०१: अगं बाई! काल बहिणीला नणंदेबद्दल लिहिलंय मी 🙈

मृणाल ए-२०४: फार जुनं फॉरवर्ड आहे काका. व्हॉट्सॲपला तिसरी टिकच नाही. वहिनी, बिनधास्त राहा.

भालेराव काका: पण कायदा आहे ना?

मृणाल: आहे, आणि तो वापरला तर तुम्हाला काहीच दिसत नाही. आयटी कायद्याचं कलम ६९, त्याखाली सरकारला मेसेज आणि डेटा तपासता येतो. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने त्याखाली १० यंत्रणांची यादी काढली. आयबी, सीबीआय, ईडी, प्राप्तिकरवालेसुद्धा. फोनसाठी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, त्याजागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा. राज्याचा आदेश असेल तर सही भोपाळच्या गृहसचिवांची.

जोशी आजोबा बी-००३: मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो. लेखी कागद हातात पडल्याशिवाय लाइनला हात लावायचा नाही, असं साहेब बजावून सांगत.

मृणाल: बरोबर आजोबा. १९९६ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) निकालात सुप्रीम कोर्टाने ही शिस्त पक्की केली. पण न्यायाधीशाची परवानगी काही सक्तीची केली नाही. आदेश दोन महिन्यांचा, वाढवत वाढवत सहा महिने. आढावा समितीचे प्रमुख केंद्रात कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव. सचिवाने सही करायची आणि सचिवानेच तपासायची! ज्याचं ऐकलं त्याला नंतरही कोणी कळवत नाही. माझं भांडण एवढ्याशीच आहे.

रोहित सी-३०१: आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय भिया? चोरांनी घाबरावं.

सुषमा वहिनी: तुझ्या स्थळाची बोलणी चालू होती तेव्हा ग्रुपवर नाही टाकलीस ती?

रोहित: 😄 ते वेगळं वहिनी

मृणाल: वेगळं कसलं? २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, त्यात हेच येतं.

भालेराव काका: व्हॉट्सॲप वाचता येतं की नाही, तेवढं सांग.

मृणाल: मेसेज जाताना वाटेत नाही. पण कोण कोणाशी कधी बोललं हे कंपनीकडे असतं. फोनच हातात आला तर सगळंच उघडं. बॅकअपचं कुलूप आपण लावायचं: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. पासवर्ड वहीत लिहा, विसरलात तर बॅकअप गेला.
आणि सरकारचं राहू द्या, कामवाल्या मावशींच्या आधारचे फोटो ह्याच ग्रुपवर पडलेत.

सेक्रेटरी: पोलीस पडताळणीसाठी मागवले होते.

मृणाल: ठाण्यात द्या ना. इथे कशाला?

सेक्रेटरी: मान्य. आता सगळ्यांकडून डिलीट होत नाहीयेत. प्रत्येकाने आपापल्या गॅलरीतून काढा. यापुढे कागद ऑफिसच्या कपाटात.

जोशी आजोबा: गॅलरीतून कसं काढायचं? संध्याकाळी कोणी पोरगं पाठवा बी-००३ ला.