मदत हवी: ‘विल’, ‘गोइंग टू’ की नुसतं ‘आय ॲम गोइंग’?

तापीकाठ (अमळनेर): दहावीची मुलं भविष्यकाळ दिसला की सरसकट ‘विल’ लावतात. ‘उद्या मी जळगावला जाणार आहे’ याचं “आय विल गो” केलं तर चूक धरायची का? बाकीच्या दोन रूपांतला फरक कसा सांगू?

केळीबाग: ताई, काट मारू नका, पण तिथे ‘विल’ खटकतं. आधी विचारा, ठरलं कधी? बोलता बोलता ठरलं तर ‘विल’. फोन वाजला, “आय’ल गेट इट”. मनात आधीच ठरलं असेल तर “आय ॲम गोइंग टू सेल माय बाइक”. समोरच्याशी बोलणं होऊन वेळही पक्की झाली असेल तर “आय ॲम मीटिंग अ ट्रेडर इन रावेर टुमॉरो”. शेवटच्या दोघांतली सीमा पुसट आहे, पुष्कळदा दोन्ही चालतात; परीक्षेत उगाच गुण कापू नका. मात्र संदर्भ नसताना ‘टुमॉरो’ गाळलं, तर भेट आत्ताच चालू आहे असा अर्थ निघतो.

अंदाजाचं वेगळं. सातपुड्यावर ढग दाटलेले दिसताहेत, “इट्स गोइंग टू रेन”. नुसतं मत असेल तर “आय थिंक कॉटन प्राइसेस विल राइज”. “इट्स रेनिंग टुमॉरो” नको. पाऊस कोणाशी वेळ ठरवून येत नाही.

धुळेकर: खरी गोची मराठीमुळे होते. ‘थांबा, पिशवी मी धरतो’ म्हणताना आपण वर्तमानकाळ वापरतो, म्हणून मुलं “आय होल्ड द बॅग” लिहितात. तयारी दाखवताना इंग्रजीत “आय’ल होल्ड” लागतं.

दुसरी चूक, “व्हेन आय विल रीच भुसावळ, आय विल कॉल यू”. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अनटिल’, ‘बिफोर’ यांच्या वाक्यखंडात साधा वर्तमानकाळ, म्हणजे “व्हेन आय रीच”. ‘विल’ फक्त मुख्य वाक्यात. पण “आय डोन्ट नो व्हेन ही विल कम” बरोबर आहे, कारण तिथला ‘व्हेन’ प्रश्नाचा, ‘केव्हा’ या अर्थाचा.

गाडीच्या वेळापत्रकालाही साधा वर्तमानकाळच, “द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो”.

तापीकाठ: आणि ‘आय’, ‘वी’ला ‘शॅल’च हवं का?

केळीबाग: जुन्या व्याकरणाचा नियम तो. आता ‘आय विल’ सगळीकडे चालतं. “शॅल आय ओपन द विंडो?” असं विचारताना मात्र ‘शॅल’च ठेवा, तिथे ‘विल आय’ चालत नाही.