तीन महिन्यांत 15 किलो: वहिनींचा डाएटचा कागद जरा तपासून द्या

काजूबी_चिपळूण
नमस्कार मंडळी. वहिनींना गणपतीपर्यंत 15 किलो उतरवायचे आहेत. वय 42, उंची 158 सेंमी, वजन 84. मधुमेहाला मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ दोन वेळा, ग्लिमेपिराइड 2 मिग्रॅ सकाळी, बीपीला टेल्मिसार्टन 40 आणि क्लोरथॅलिडोन 12.5 ची एकत्र गोळी. एका वेलनेस क्लबने दिलेला कागद असा:

सकाळी, चारला आणि रात्री पाण्यात शेक (डब्यावर प्रत्येकी 90 कॅलरी, 9 ग्रॅम प्रोटीन). अकराला पातळ ताक. दुपारी वाटीभर दुधीचं सूप, काकडी. संध्याकाळी पपईच्या चार फोडी. तेल, खोबरं, भात, मासे बंद. बीपी आहे म्हणून मीठ जवळजवळ नाही. पाणी मात्र दिवसाला चार लिटर, त्यात आमसुलं भिजवून.

आठवड्यात सव्वातीन किलो गेले, घरात सगळे खूश. हे सुरक्षित आहे का? आणि भातलावणी पंधरा दिवसांवर आली, तेव्हा चालेल का?

कुळीथ_पिठी
आधी हिशेब. शेक 270, ताक 40, सूप-काकडी 60, पपई 50. एकूण 420 कॅलरी, प्रोटीन जेमतेम 30 ग्रॅम, फॅट पाचेक ग्रॅम. 800 च्या खालचा आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय करत नाहीत, हा तर त्याच्या निम्मा.

सव्वातीन किलोंचं सांगते. वहिनींचा रोजचा खर्च अंदाजे 1900 कॅलरी धरला तर तूट 1480 ची. आठवड्याची 10,360, आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700. म्हणजे चरबी फार तर 1.3 किलो. बाकीचं मुख्यतः पाणी. यकृत आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, ते पहिल्या चार-पाच दिवसांत निघून जातं. शिवाय आतडी रिकामी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा मंदावणारच. तेव्हा क्लबवाले "पपई पण बंद करा" म्हणतील, ते ऐकू नका.

कागदावर 12 आठवड्यांत 15 किलोचं गणित बसतं, फसायला होतं ते त्यामुळेच. पण जाणारं वजन नुसतं चरबीचं नसतं. 158 सेंमीला योग्य वजन 57 धरलं तर अशा कपातीत रोज निदान 70 ग्रॅम प्रोटीन हवं. 30 वर शरीर स्नायू मोडून खातं, खर्च 1900 वरून घसरतो, आणि पुढे साध्या जेवणानेही वजन चढतं. केसांचा पुंजका हातात येतो तो दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे नेमका गणपतीत.

साधा_एमडी
कॅलरीच्या आधी गोळ्यांचं बोलू या. आज-उद्याच बघण्यासारखी गोष्ट ती आहे.

ग्लिमेपिराइड खाल्लं-न खाल्लं बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. रोजच्या जेवणावर बसवलेला डोस 420 कॅलरीवर चालू ठेवला तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, बरळणं. लक्षण दिसलं की तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. लावणीत घाम येतोच, त्यामुळे हे लक्षण कोणाच्या ध्यानात येत नाही. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही.

दुसरी क्लोरथॅलिडोन. ही लघवीवाटे मीठ काढते. कमी खाण्याच्या पहिल्या आठवड्यात शरीर आपणहूनही मीठ-पाणी टाकतं. वर मीठ बंद आणि चार लिटर पाणी. म्हणजे रक्तातलं सोडियम उतरवायची पूर्ण तयारी. डोकं जड, मळमळ, झापड, मग गोंधळल्यासारखं बोलणं. अशा माणसाला घरचे आणखी पाणी पाजतात, ते उलटं पडतं. पोटॅशियमचं आणखी अवघड: क्लोरथॅलिडोन ते कमी करते, टेल्मिसार्टन धरून ठेवते. कुठल्या बाजूला झुकलंय ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून "अशक्तपणा आहे, रोज दोन शहाळी द्या" हा सल्लाही डोळे मिटून घेऊ नका, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं.

घरी करण्यासारखं: पाच मिनिटं आडवं पडून बीपी, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला तर गोळी जास्त होतेय. पण मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना कागद आणि आकडे दाखवा. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन आणि एक ईसीजी, एवढं याच आठवड्यात.

गोट्या_मालवण
पेजेन वजन वाढता म्हणान कोणी सांगल्यान? भात कमी करा, मासो कित्याक बंद करतास?

पुरावा_द्या
थोडा विरोध करतो. 800 च्या आसपासचा आहार म्हणजे विषच, असं नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' (DiRECT) नावाच्या चाचणीत (2017) मधुमेहींना तीन ते पाच महिने 825 ते 853 कॅलरीवर ठेवलं होतं. वर्षअखेर 46 टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त घटवले, त्यांच्यात 86 टक्के.

साधा_एमडी
बरोबर, आणि फरक तिथेच आहे. त्या चाचणीत साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. शेक जीवनसत्त्वं-क्षारांसकट पूर्ण आहार म्हणून बनवलेले होते, आणि नंतर काही आठवडे पायरीपायरीने जेवण परत आणलं. इन्सुलिनवाले घेतलेच नव्हते. इथे कॅलरी निम्म्या, गोळ्या तशाच आणि तपासणीला फक्त वजनकाटा.

उलट बाजूचं उदाहरण जुनं आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत 'लिक्विड प्रोटीन'ची लाट आली होती. दिवसाला 300-400 कॅलरी, प्रोटीन जनावरांच्या कातडी-कंडऱ्यातून काढलेलं, निकृष्ट. 1977-78 पर्यंत जवळपास 60 मृत्यू नोंदले गेले, त्यातले बरेच हृदयाचे ठोके बिघडून. डब्यावर 'प्रोटीन' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नये ते यासाठी.

वाचणाऱ्या इतरांसाठी: डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर असा उपवासी आहार करूच नका. कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं) होऊ शकतो, आणि साखर 250 च्या आत दिसते म्हणून कोणाला शंकाही येत नाही. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं झालं की कीटोनची तपासणी लगेच.

कुळीथ_पिठी
खोबरं-तेल साफ बंद केल्याचं राहिलं होतं. जेवणात फॅट आलं की पित्ताशय आकसून रिकामं होतं. पाच ग्रॅमवर ते हलतच नाही. पित्त आत साचून घट्ट होतं, त्यात झपाट्याने वितळणाऱ्या चरबीचं कोलेस्टेरॉल उतरतं आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोच्या पुढे वजन जायला लागलं की धोका चांगलाच वाढतो. मग गौरीच्या दुसऱ्या दिवशी मटण-वडे! आठवड्यांनी पहिल्यांदा पित्ताशय जोरात आकसतं, खडा नळीत अडकतो, आणि उजव्या बरगडीखाली कळ येते ती पाठीपर्यंत जाते. रोज एका तरी जेवणात दहा ग्रॅम फॅट हवंच, म्हणजे दोन छोटे चमचे तेल.

काजूबी_चिपळूण
आभार. उद्याच डॉक्टरांकडे नेतो. मग खायला नक्की काय द्यायचं? आणि एकदम द्यायचं का?

कुळीथ_पिठी
एकदम नाही. रिपोर्ट ठीक असले तर तीन-चार दिवस 800, मग 1250. 1250 असं भरतं:

सकाळी दोन अंडी आणि एक घावन, तव्याला एक चमचा तेल. दुपारी 100 ग्रॅम शिजलेला भात, दोन मध्यम बांगडे (काटे वगळून 140-150 ग्रॅम) एक चमचा तेलात, आणि पालेभाजी. संध्याकाळी मूठभर भाजलेले चणे, ताक. रात्री 40 ग्रॅम कुळथाच्या पिठाची पिठी, पुन्हा 100 ग्रॅम भात, भाजी, एक चमचा तेल. प्रोटीन 70 च्या आसपास येतं. बांगडा महाग झाला की तारली, भाव पडतो तेव्हा ती उत्तम. मासेमारीबंदीच्या दिवसांत ताजी मासळी नसली तर अंडी, चवळी, मूग. सुकट चालेल, पण खारवलेलं सुकं बीपीवाल्यांनी बेतानेच.

खोबरं बंद नाही, मोजून. ओलं खोबरं 100 ग्रॅमला 350 कॅलरी, त्यामुळे दोन चमचे वरून, वाटण नको. लावणीच्या दिवसांत यावर 200-300 वाढवा, शेतावर जाण्याआधी पेज आणि अंडं. पेजेत मीठ किती ते डॉक्टर ठरवतील. पाणी तहानेप्रमाणे, चार लिटरचा हट्ट नको.

यातून आठवड्याला अर्धा-पाऊण किलो. गणपतीपर्यंत सहा-सात, पंधरा नाहीत. पण 84 मधले सहा गेले तरी बीपी आणि साखरेत फरक दिसतो.

साधा_एमडी
एक भर. डॉक्टरांनी गोळ्या आत्ता कमी केल्या आणि खाणं वाढलं, की साखर-बीपी पुन्हा चढू शकतं. पहिले दोन आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांची साखर रोज, बीपी सकाळ-संध्याकाळ, एका वहीत. लावणीत पहिले दोन दिवस वहिनींना एकट्या बांधावर सोडू नका, साखरेची पुडी कनवटीला असू दे.