पावसाळी हवेत बिनअंड्याच्या आयसिंगची फुले कडक कशी वाळवावीत? – मदत हवी आहे

दादरकरीण (धागाकर्ती)

नमस्कार. यंदा आमच्या घरच्या गणपतीत अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना येणाऱ्या मुलांच्या हातावर नेहमीच्या पेढ्याऐवजी घरी भाजलेली नानकटाई ठेवावी आणि प्रत्येक नानकटाईवर आयसिंगचे लाल जास्वंदीचे फूल व दूर्वांची जुडी असावी, असे मनात आहे. नानकटाईची मला काळजी नाही. ती आमच्याकडे वर्षानुवर्षे होत आली आहे. अडचण आहे ती फुलांची. प्रसाद असल्यामुळे अंडे आणि जिलेटीन दोन्ही चालणार नाही, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यावर उभे राहणारे रॉयल आयसिंग आपोआपच बाद होते. दुकानात मिळणारी मेरँग (फेटलेल्या अंड्याचा पांढरा आणि साखरेचा फेस) करण्याची पावडर हीसुद्धा अंड्याच्या पांढऱ्याचीच भुकटी असल्यामुळे तीही उपयोगाची नाही.

सध्या मी चाळलेल्या आयसिंग शुगरमध्ये थोडे दूध, लिंबाच्या रसाचे काही थेंब, चकाकी यावी म्हणून चमचाभर लिक्विड ग्लुकोज आणि बाटलीतला पातळ खाद्यरंग घालते व मेंदीचा कोन वळतो तसा बटर पेपरचा कोन वळून पाकळ्या काढते. पाकळी काढताना आकार चांगला येतो, परंतु थोड्याच वेळात तिची कड बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून पापुद्रा धरलेला असतो, आत मात्र ती ओलीच राहते आणि बटर पेपरवरून उचलायला जावे तर मधोमध तुटते. काही फुले फ्रीजमध्ये ठेवून पाहिली. ती कडक झाली खरी, पण ताटात मांडल्यावर त्यांना घाम फुटला आणि लाल रंग ओघळून पांढऱ्या कडेत उतरला. जी फुले थेट नानकटाईवर काढली, त्यांच्यावर संध्याकाळपर्यंत पिवळसर, पारदर्शक तेलकट डाग उमटले.

घरात ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आणि हँड मिक्सर आहे, एसी फक्त झोपण्याच्या खोलीत आहे. अंड्याऐवजी काय वापरावे, मुंबईच्या या दमट हवेत फुले पूर्ण वाळवावीत कशी, रंग कडू न लागता गडद लाल कसा आणावा आणि हे सगळे किती दिवस आधी करून ठेवता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. विकतची प्लास्टिकसारखी दिसणारी फुले लावण्याचा पर्याय माहीत आहे. तो नको आहे.

खमंग

ताई, एवढ्या खटाटोपापेक्षा तयार फाँडंट (साखरेचा मळलेला मऊ गोळा) आणून साच्यात दाबावे. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात केकचे सामान विकणारी जी दुकाने आहेत, तेथे तो रंगीत स्वरूपातही मिळतो आणि साचेही तेथेच मिळतात.

अणुरेणू

खमंग, फाँडंट या कामाला चालणार नाही असे मला वाटते. तो केकवर अंथरायचा असतो, सुरीने सहज कापला जावा म्हणून त्यात ग्लुकोज आणि ग्लिसरीन मुद्दाम घातलेले असते, आणि हे दोन्ही पदार्थ हवेतले पाणी ओढून घेतात. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या मुंबईत फाँडंटची पातळ पाकळी एका संध्याकाळीच मान टाकते. शिवाय त्यात जिलेटीन आहे का, हे प्रत्येक पाकिटावर वाचून घ्यावे लागते.

दादरकरीण ताई, आपल्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. शुद्ध साखरेचे कोरडे स्फटिक हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत फारसे पाणी ओढत नाहीत. ती मर्यादा ओलांडली की स्फटिकांच्या पृष्ठभागावर पाक होऊ लागतो. पावसाळ्यात मुंबईची हवा याच आकड्याच्या आसपास घुटमळते आणि सर येऊन गेली किंवा पहाट झाली की त्याच्याही वर जाते. त्यात साखरेबरोबर ग्लुकोज असले की मिश्रणाची ही मर्यादा आणखी खाली उतरते, म्हणजे जी पाकळी ८० टक्के आर्द्रतेतही कशीबशी तगली असती तीही चिकट होते. म्हणून लिक्विड ग्लुकोज, मध आणि ग्लिसरीन या तिन्ही वस्तू या पाककृतीतून पूर्ण काढून टाकाव्यात. चकाकी गेली तरी चालेल. खऱ्या जास्वंदीची पाकळी तरी कुठे चकाकते?

दुसरा मुद्दा दुधाचा. रॉयल आयसिंग कडक वाळते ते अंड्याच्या पांढऱ्यातील प्रथिनांमुळे. फेटल्यावर ती हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात आणि त्या जाळीत साखर अडकून बसते. दुधात कालवलेल्या साखरेत अशी जाळी तयारच होत नाही, त्यामुळे वरचा थर सुकला तरी आतले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. अंड्याचे हे काम काबुली चणे शिजवलेले पाणी बऱ्यापैकी करते. २०१४-१५ च्या सुमारास फ्रान्स व अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी हा उपाय पुढे आणला आणि आता बिनअंड्याच्या मेरँगसाठी तो जगभर वापरला जातो. गणपतीला वाटली डाळ चालते, तर चण्याचे पाणी न चालण्याचे काही कारण मला दिसत नाही.

चणे रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावे. मग मीठ आणि सोडा न घालता नव्या पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवून त्याच पाण्यात गार होऊ द्यावेत. गाळलेले पाणी मंद आचेवर आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतके दाट करावे आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. (हे पाणी फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, तयार फुले मात्र कधीही नाही.) २५० ग्रॅम आयसिंग शुगरला सुमारे तीन मोठे चमचे पाणी पुरते. आधी हे पाणी एकटेच फेसाळ होईपर्यंत फेटावे, त्यात लिंबाचे चार-पाच थेंब घालावेत आणि मग चाळलेली साखर चमच्याचमच्याने घालत आठ-दहा मिनिटे फेटत राहावे. पाती वर उचलल्यावर उभे राहिलेले टोक वाकले नाही की पाकळ्यांसाठी आयसिंग तयार झाले. टोक वळून खाली पडत असेल, तर अजून साखर हवी. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे आणि ते व मिक्सरची पाती लिंबाच्या फोडीने पुसून कोरडी करावीत, कारण तुपाचा नुसता हात लागलेला असला तरी फेस धरत नाही. प्लास्टिकचे भांडे कितीही घासले तरी त्याला ओशटपणा राहतो. चण्याचा थोडा वास येतो, तो व्हॅनिला इसेन्सने झाकला जातो. वेलदोड्याची पूड घालण्याचा मोह मात्र आवरावा, ती कोनाच्या तोंडाशी अडकते आणि पाकळी फाटते.

साखर घरी मिक्सरमध्ये दळणार असाल तर ती तलम कापडातून वस्त्रगाळ करून घ्यावी व त्यात थोडे कॉर्नफ्लोअर मिसळावे. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये ते आधीच असते.

वसईकर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आमच्याकडे नाताळचे आयसिंग डिसेंबरच्या कोरड्या हवेत होते, त्यामुळे बाहेर टेबलावर ठेवूनही ते रात्रीत वाळते. आपण नेमका वर्षातला सर्वांत अवघड महिना निवडला आहे. तरीही वाळवणे अशक्य नाही. झोपण्याच्या खोलीतला एसी ड्राय मोडवर (हवेतला ओलावा काढणाऱ्या सेटिंगवर) लावून दार बंद ठेवावे आणि ताटे तेथेच पंख्याखाली, वर काही न झाकता, रात्रभर ठेवावीत. वरची बाजू टणक झाली की बटर पेपर ताटाच्या कडेवरून खाली ओढत फूल अलगद सोडवावे आणि उलटे करून पुन्हा तितकाच वेळ ठेवावे. तळ ओला राहतो म्हणूनच उचलताना पाकळी तुटते, आणि ही उलटण्याची पायरी बहुतेक जण गाळतात. वीज गेली किंवा एसी लावता आला नाही, तर ओटीजी पाच मिनिटे १०० अंशांवर तापवून बंद करावा, आत हात सहज ठेवता येईल इतका निवल्यावर त्यात ताट सरकवावे आणि दार किंचित उघडे ठेवावे. त्याहून जास्त उष्णता लागली तर पाकळ्यांवर फोड येतात.

फ्रीजमधल्या घामाचे कारण वेगळे आहे. थंड फूल बाहेर आले की दमट हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते आणि तेच पाणी रंग ओघळवते. पूर्ण वाळलेली फुले घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बटर पेपरचे थर देऊन, खाद्यपदार्थांसाठी असलेल्या सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुड्यांसह ठेवली तर आठवडाभर आधी केलेलीही टिकतात. डबा मात्र सारखा उघडून पाहू नये.

आणखी एक पर्याय सुचवतो. मुंबईतल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांत मार्झिपान (सुक्या मेव्याची पूड व साखरेची मिठाई) बदामाऐवजी काजूचे करतात. त्यात अंड्याचा पांढरा घालतात, पण तो न घालता काजूकतलीच्या पिठासारखा घट्ट गोळा केला तरी साच्यातून नक्षी सुरेख उठते. त्याला आयसिंगसारखे ठणठणीत वाळवावे लागत नाही, त्यामुळे हवा फारच बिघडली तर निदान दूर्वांची जुडी तरी त्याची करता येईल.

दादरकरीण (धागाकर्ती)

अणुरेणू आणि वसईकर, आपल्या दोघांचे मनापासून आभार. चण्याच्या पाण्याचे आयसिंग करून पाहिले. टोक अगदी ताठ उभे राहिले आणि एसीच्या खोलीत रात्रभर ठेवून उलटलेली फुले आज सकाळी बोटाने टिचकी मारल्यावर वाजली! दूर्वांची पाती मात्र डब्यात भरताना मोडतात. शिवाय लाल रंग हवा तसा आलेला नाही. जेलचा रंग वापरला तरी तो गुलाबीच्या पुढे जात नाही आणि आणखी घातला तर जिभेवर कडवटपणा राहतो. बीटचा रस घालावा का? गुलाबी जास्वंदही असते हे ठाऊक आहे, पण गणपतीला ती लालच हवी, असा घरचा आग्रह आहे.

अणुरेणू

बीटचा रस नको, कारण तो म्हणजे पुन्हा पाणीच. आयसिंगमध्ये जेलचा किंवा कोरडा रंग घालून, ओल्या फडक्याखाली झाकून ते दोन-तीन तास ठेवावे, रंग आपोआप एक-दोन छटा गडद होतो. म्हणून घालताना हात आखडता घ्यावा. तसेही आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांनी मोजक्या आठ कृत्रिम रंगांनाच परवानगी दिली आहे आणि बहुतेक पदार्थांसाठी त्यांची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम इतकीच आहे. खाणारी मुले लहान आहेत, तेव्हा संपूर्ण आयसिंग लालभडक करण्याच्या मागे लागू नये. पाकळी गडद गुलाबी ठेवून ती वाळल्यावर कोरड्या मऊ ब्रशने तिच्यावर बीटची पूड फिरवावी. लाली वरच्या थरात राहते, कडू लागत नाही आणि देठाजवळ थोडी जास्त पूड दिली की फूल अधिक खरे दिसते. बीटची पूड दमट हवेत लवकर ओलसर होते, त्यामुळे हे काम ज्या दिवशी फुले लावायची त्याच दिवशी सकाळी करावे. निळ्या-जांभळ्या छटेसाठी गोकर्णाची फुले वापरायची असतील, तर आयसिंगमधल्या लिंबामुळे त्यांचा निळा रंग जांभळा होतो, हे ध्यानात ठेवावे.

दूर्वांच्या आयसिंगमध्ये पाव चहाचा चमचा टायलोज पावडर मिसळून पाहावी. ती वनस्पतींच्या सेल्युलोजपासून करतात, त्यामुळे प्रसादाला अडचण नाही, आणि तिने बारीक पाते बरेच चिवट होते. पाती सुटी काढून नंतर जोडण्यापेक्षा तिन्ही पाती बुडाशी एकमेकांत घुसवूनच काढावीत.

वसईकर

तेलकट डागांचे राहिलेच. नानकटाईतले तूप सावकाश वर चढते आणि आयसिंग ते शोषून घेते. म्हणून नानकटाई आदल्या दिवशी भाजून कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावी आणि फुले आवर्तने सुरू होण्याच्या तासभर आधीच, घट्ट आयसिंगचा वाटाण्याएवढा ठिपका देऊन चिकटवावीत. एवढ्या वेळात डाग उमटत नाही. जास्वंदीचा मधला पिवळा दांडा वेगळा काढून वाळवावा आणि फूल चिकटवून झाल्यावर सगळ्यांत शेवटी खोचावा, कारण हाताळताना पहिल्यांदा तोच मोडतो. थोडे दांडे जास्तीचे करून ठेवावेत.