मदत हवी आहे: युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय, ‘ब’ विषयाबाहेरचा का नाही?

खाडीकाठ_ठाणे:
क्लॅटच्या (कायद्याच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीतला सरावप्रश्न आहे, आकडे काल्पनिक. एअरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला लावायची, धार कमी करणारी जाळी.

‘घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीला मे महिन्यात ६० टँकर मागवावे लागले. १ जूनला सगळ्या नळांना एअरेटर बसवले. जुलैत २२ टँकर पुरले. म्हणजे एअरेटरमुळेच टँकर कमी झाले.’

कोणत्या विधानाने हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत होतो?
अ) एअरेटरमुळे बादली भरायला वेळ लागतो, अशी रहिवाशांची तक्रार आहे.
ब) शेजारच्या, तेवढ्याच फ्लॅटच्या सोसायटीत एअरेटर नाहीत, तिथेही मे ते जुलै टँकर जवळपास त्याच प्रमाणात घटले.
क) काही रहिवाशांनी एअरेटर काढून टाकले.
ड) एअरेटरमुळे नळाची धार मिनिटाला १२ लिटरवरून ६ लिटरवर आली.

मी क निवडला, उत्तरसूचीत ब आहे. प्रश्न एका सोसायटीचा आणि ब मध्ये दुसरीच सोसायटी. समजावून सांगाल का?

येऊर_पायथा:
‘मुळेच’ या शब्दाखाली रेघ मारा. पुरावा फक्त क्रमाचा आहे: आधी एअरेटर, मग टँकर घटले. निष्कर्ष मात्र कारणाचा आहे. मधे एक न लिहिलेलं गृहीतक बसलंय, की या काळात दुसरं काहीच बदललं नाही. मे आणि जुलै! मधे पाऊस सुरू झाला, हे ठाण्यात कुणाला सांगायला नको. ब पावसाचं नावही न घेता तेच दाखवतो.

शेजारची सोसायटी इथे तुलनेसाठी आहे: एअरेटर नसते तर काय झालं असतं, ते तिच्यावरून कळतं. समजा तिथे ६० चे २४ झाले. मग ३८ टँकरच्या घटीतले ३६ एअरेटरशिवायही घटलेच असते. एअरेटरच्या वाट्याला जेमतेम २ उरतात. म्हणून ‘दुसरी सोसायटी’ दिसली की लगेच विषयाबाहेर म्हणून खोडू नका. नाव कुणाचं आहे यापेक्षा निष्कर्षाला धक्का बसतो का, एवढंच बघा.

आता क. ‘काही’ म्हणजे किमान एक. २०० फ्लॅटपैकी दोघांनी काढले तरी विधान खरंच राहतं आणि युक्तिवाद जागचा हलत नाही. ‘पहिल्याच आठवड्यात बहुतेकांनी काढले’ असं असतं, तर क जबरदस्त ठरला असता: कारण गेलं, तरी परिणाम टिकला.

अ मध्ये फक्त गैरसोय आहे. ड तर युक्तिवाद बळकट करतो; असा उलटा पर्याय बहुतेक वेळा असतोच आणि घाईत तोच निवडला जातो.

खाडीकाठ_ठाणे:
क मधला ‘काही’ आता लक्षात आला. पण शेजारच्या सोसायटीने जूनमध्ये नवी बोअरवेल सुरू केली असेल तर?

ऐरोली_पूल:
तर ब चा जोर जाईल. तिथल्या घटीला तिचं स्वतःचं कारण मिळालं, तुलना मोडली. ‘तेवढ्याच फ्लॅटच्या’ हे शब्द भरतीचे नाहीत, दोन्हीकडची परिस्थिती सारखी आहे हे सांगायला ते घातलेत. पण पर्यायात नसलेली बोअरवेल परीक्षेत आपण आणायची नाही. पर्याय खरा मानूनच चालायचं. ‘शेजारी टँकरचा हिशेब नीट ठेवतात कशावरून?’ असला वाद घालत बसलात तर वेळ गेला.

दुसरं, ‘कमकुवत’ म्हणजे ‘खोटं ठरवणं’ नव्हे. ब नंतरही एअरेटरने थोडं पाणी वाचवलं असेल. विश्वास कमी झाला, तेवढं पुरे.

पर्याय वाचण्याआधी उणीव स्वतःच्या शब्दांत सांगून बघा. इथे ‘पावसाचं काय?’ एवढंच. १२० मिनिटांत १२० प्रश्न असल्याने लांबलचक टिपणं जमणार नाहीत. दोन पर्याय पक्के खोडले आणि उरलेल्या दोनांत अडकलात तरी उत्तर द्या: बरोबरला १, चुकीला पाव गुण वजा, म्हणजे सरासरी ०.३७५ चा फायदाच.

याच प्रश्नात निष्कर्ष ‘म्हणजे सोसायटीचा पाण्याचा वापर घटला’ असा करून बघा. आता उणीव वेगळी आहे: टँकर म्हणजे एकूण वापर नव्हे. पालिकेचं पाणी जूनपासून जास्त वेळ येऊ लागलं, असा पर्याय तिथे नेमका लागू पडेल.