विलापगीत 3:22-23 आजारी माणसाच्या घरी कसं मांडावं?

नगरकर:
जय ख्रिस्त. बुधवारी आमच्या मंडळीतल्या एका काकूंच्या घरी घरसभा आहे. त्यांची केमो चालू आहे. वचन ठरलंय बायबलमधल्या विलापगीत पुस्तकातलं 3:22-23, परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते. भिंतीवरच्या पाट्यांवर ते सगळ्यांनी वाचलेलं आहे. पोकळ न वाटता त्यातून धडा कसा काढावा? वेळ 20 मिनिटं.

ग्रंथवाचक:
आधी वचन पाटीवरून उतरवून त्याच्या जागी ठेवा. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं. 2:12 मध्ये लेकरं आईच्या उराशी जीव सोडताना धान्य मागतात. हे वचन त्या शहरातलं आहे.

3:18 मध्ये बोलणारा म्हणतो, माझी आशा संपली. 3:21 मध्ये तोच म्हणतो, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. मध्ये परिस्थिती तसूभरही बदललेली नाही, त्याने फक्त एक गोष्ट मुद्दाम आठवली. काकूंच्या घरी नेण्यासारखा धडा हाच. आशा धरायला बरं वाटेपर्यंत थांबायची गरज नाही.

आणि 23 वर थांबू नका. हा अध्याय हिब्रू वर्णमालेवर बांधलाय. 22 अक्षरं, प्रत्येकाच्या 3 ओळी, म्हणून 66 वचनं. 'हेत' अक्षराच्या वाट्याला 22 ते 24 येतात आणि त्यांचे पहिले शब्द आहेत हसदे, हदाशीम, हेलकी. म्हणजे दया, नवी, माझा वाटा. 24 गाळलं की कडवं अर्धवट राहतं. 'वाटा' हा जमिनीचा शब्द आहे. गणना 18:20 मध्ये याजक अहरोनाला जमीन मिळत नाही, परमेश्वरच त्याचा वाटा ठरतो. इथे सगळंच गमावलेला माणूस तेच म्हणतोय.

'रोज सकाळी'साठी निर्गम 16 मधला मान्ना सांगा, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न. माणशी एक ओमर, साधारण दोन लिटर. उद्यासाठी ठेवला की किडे पडत. केमोच्या पुढच्या सगळ्या फेऱ्यांचं बळ आज मागायचं नसतं, आजच्यापुरतं मागायचं.

पंडिता रमाबाईंचं मूळ भाषांवरून केलेलं, 1924 मध्ये छापलेलं बायबलचं मराठी भाषांतर मिळालं तर तयारी करताना शेजारी ठेवा.

सेविका_पुणे:
वरचं सगळं तयारीसाठी उत्तम, पण काकूंसमोर यातलं निम्मंही बोलू नका. केमोनंतर बसवत नाही, तोंड आलेलं असतं, वासाने मळमळतं. 20 ऐवजी 10 मिनिटं धरा. 17 ते 26 सावकाश दोनदा वाचा, मग मिनिटभर शांतता, मग पाच मिनिटं बोलणं. प्रश्न एकच विचारा: आज सकाळपासून काय मिळालं? दोन घास खाली गेले, सलग तीन तास झोप लागली, एवढं उत्तर पुरे. गप्प राहिल्या तर पुन्हा विचारू नका.

चुका होतात त्या आसपासच्या वचनांवरून. 39 मध्ये पापाच्या शिक्षेबद्दल कुरकुर करू नये असं आहे. ते एका राष्ट्राच्या पापाबद्दल आहे. रुग्णासमोर काढलं की 'तुमच्या पापाने कॅन्सर झाला' असंच ऐकू जातं. योहान 9:3 मध्ये येशूने हा हिशेब स्पष्ट नाकारलाय. दुसरी चूक 26 ची. 'मुकाट्याने वाट पाहा' सांगून लोक रडणं थांबवतात. पण याच माणसाचे डोळे 49 मध्ये अखंड वाहतात, म्हणजे करुणेचं वचन बोलून झाल्यावरही.

नगरकर:
म्हणजे 17 ते 26 एवढंच. 33 घेऊ का? देव मनापासून कोणाला दुःख देत नाही, हे?

ग्रंथवाचक:
काकूंनी 'देवाने मलाच का' असं विचारलं तरच. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आजारी माणसाला जड जातं.

सेविका_पुणे:
निघताना खाटेजवळ जाऊन फक्त 55 ते 57 वाचा. खोल खळग्यातून हाक मारणाऱ्याला तिथे एवढंच ऐकू येतं: भिऊ नको. त्यावर काही बोलू नका. हात धरायचा तर आधी विचारा, सलाईनच्या सुईने तो दुखत असतो.