ट्रस्टच्या गॅलरीत केळीची खोडं टांगली, पण ही कला नेमकी कोणासाठी?

रावेरचा_केळीवाला
जळगावात एका ट्रस्टच्या गॅलरीत सध्या केळीवरचं प्रदर्शन लागलंय, तिकीट नाही, म्हणून बघून आलो. वाळलेली खोडं छताला टांगलीत, खाली सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोरीचं जाळं, आणि एका भिंतीवर सीएमव्ही या विषाणूच्या रोगाने पिवळे पट्टे पडलेल्या पानांचे हे एवढे मोठे फोटो. फोटो एक नंबर, त्यात वाद नाही. पण ज्या रोगापायी आम्ही उभी झाडं उपटून बाग रिकामी केली त्याच्यासमोर उभं राहून लोक सेल्फी काढतात हे आपल्याला नाही झेपलं भो. आणि सोबतचे कार्यक्रम बघा, 'कलाकाराशी संवाद' बुधवारी सकाळी अकराला, तोही निम्म्याच्या वर इंग्रजीत! बुधवारी अकराला शेतकरी कुठे असतो? कापणी चालू, गाडी बांधावर उभी, व्यापारी फोनवर बऱ्हाणपूरचा भाव सांगून घासाघीस करतोय. त्यापेक्षा हाच पैसा शाळांना चित्रकलेचे शिक्षक द्यायला वापरा की.

धुळेकर_रोखठोक
+१. हे सगळं त्या भिंतीला टेपने चिकटवलेल्या केळ्याचं फॅड. इटालियन कलाकार कॅटेलानचं ते केळं २०१९ ला मायामीत १ लाख २० हजार डॉलरला गेलं, मग २०२४ च्या लिलावात ६२ लाख डॉलरला, आणि घेणाऱ्याने ते खाऊन टाकलं. आणि आपल्याकडे भाव पडला की घड बांधावर फेकावे लागतात. हसावं का रडावं?

एटीडी_मास्तर
रोखठोक भाऊ, ते केळं आणि हे प्रदर्शन एका दावणीला बांधू नका, तिथे बाजाराचीच थट्टा होती आणि इथे विकायला काहीच ठेवलेलं नाही. आता केळीवाले दादांचा पैशाचा मुद्दा. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजकार्याला, द्यावे लागतात, त्या यादीत शिक्षण आहे तशी कला-संस्कृतीपण आहे, आणि ट्रस्टला कलेसाठी मिळालेल्या पैशातून शाळेचा पगार निघत नाही हो. मी शाळेतली पोरं तिथल्या वर्कशॉपला नेली होती. आमच्याकडे चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, स्थिरचित्र, स्मरणचित्र, आणि पालकांचा डोळा दहावीच्या वाढीव मार्कांवर. तिथे पोरांनी खोडाचा आडवा काप शाईत बुडवून ठसे मारले, रेषेबाहेर गेलं म्हणून कोणी ओरडलं नाही. एक पोरगं तर घरी जाऊन गोठ्याची भिंत ठशांनी भरवून आलं, वडिलांचा फोन मला आला, तो वेगळा विषय 😄

चाळीसगाव_पॅसेंजर
खान्देशाला असली कला परकी आहे असं कोणी म्हटलं की मला केकी मूस आठवतात. आमच्या गावात बंगल्याबाहेर सहसा न पडता हा माणूस टेबलावर घरातल्याच वस्तू मांडायचा आणि फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला अख्खा निसर्ग दिसावा. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला. १९८९ ला गेले, बंगल्याचं आता संग्रहालय आहे. लोकांना तेव्हाही तो माणूस विक्षिप्तच वाटायचा.

धुळेकर_रोखठोक
मूस यांनी त्यासाठी सीएसआर मागितला नव्हता 🙏

यावलची_लेक
सेल्फीवर एवढं बोलताय, मला खटकलं ते वेगळंच. रविवारी दोरी वळायचा कार्यक्रम होता, मी आत्याला घेऊन गेले. कलाकार ताई कोरडंच सोपट वळत होत्या, दर हातभरावर तुटत होतं. आत्या थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "अगं आधी पाणी मार त्याला." स्वतः खाली बसली, ओल्या सोपटाच्या पट्ट्या काढल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि तळहाताने वळत गेली, बघता बघता वावभर दोर तयार. सगळे मोबाईल काढून शूटिंग करायला लागले. तो दोर आता प्रदर्शनात टांगलाय, खाली पाटी फक्त कलाकाराच्या नावाची. आत्याला काय मिळालं तर चहा, गुलाबपुष्प आणि ग्रुप फोटो.

एटीडी_मास्तर
ताई, वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी मिळून केलेल्या कामावर प्रत्येकाचं नाव टाकत बसलं तर पाटी भिंतीएवढी होईल. आणि कल्पना तर कलाकाराचीच ना?

यावलची_लेक
कल्पना त्यांची, दोर आत्याचा. कल्पनेने खोड लटकत नाही, सर.

नंदुरबारी
ताईंशी सहमत. भिल्ल चित्रकार भूरीबाई भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरीला होत्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं, पण पैसे देऊन, आणि चित्र राहिलं भूरीबाईंच्या नावावर. २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. चाळीस वर्षांपूर्वी जे जमलं ते आज एका पाटीपुरतं जमत नाही? आमच्या अक्राणीच्या बायकांना बोलावतात तेव्हाही हेच, मानधन कलाकाराला आणि बायकांना गाडीभाडं.

रावेरचा_केळीवाला
आत्याचं ऐकून अजून डोकं फिरलं. मास्तर, तुमची गॅलरीत ओळख दिसते. पुढचा संवाद रविवारी संध्याकाळी ठेवायला सांगा, मराठीत, आणि सीएमव्हीच्या फोटोंसमोरच, मी बागायतदार घेऊन येतो. हा रोग पसरवणारी मावा कीड कशी पसरली, कोणती रोपं रोगट निघाली, भरपाई किती जणांना आली, सगळं तिथेच बोलू. कलाकाराने फक्त ऐकायचं.

एटीडी_मास्तर
विचारतो. पण 'फक्त ऐकायचं' असं नाही सांगणार मी त्यांना.

यावलची_लेक
पाटीचंपण विचारा सर, विसरू नका.